कोहा आहे, ई-ग्रंथालय आहे, ग्रंथालयाची तयार सॉफ्टवेअर आहेत, मग बाबांच्या वाचनालयासाठी मी नवं कशाला लिहितेय?

चरईची लेक | १० ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे, मागची गोष्ट लांबलचक आहे. घाई असेल त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचून उत्तर द्यावं, राग नाही.

ठाण्यात चरईमध्ये बाबांचं एक छोटं खासगी वाचनालय आहे, १९८४ पासून. तळमजल्यावरचा एक गाळा, लोखंडी रॅक, खाकी कव्हरं, पावसाळ्यात डांबरगोळ्यांचा वास. पुस्तकं साधारण साडेअकरा हजार, चालू सभासद ३१२. अनुदान वगैरे काही नाही, सगळा कारभार वर्गणीवर आणि अनामत रकमेवर. मी रोज ठाण्याहून घणसोली आणि तिथून शेअर रिक्षाने महापे. नोकरी सॉफ्टवेअर तपासायची, लिहायची नाही. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेते.

गेल्या वर्षी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवस काउंटरवर मी बसले. तेव्हा कळलं की आमच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर म्हणजे स्वतः बाबाच. सभासदाने म्हणावं, "ते निळ्या कव्हरचं हो, कोकणातल्या डॉक्टरांचं," आणि बाबांनी मान वर न करता तिसऱ्या रॅककडे बोट करावं. मला कुठलं जमायला. दाखल नोंदवह्या सात आहेत आणि प्रत्येकीत शेवटचा रकाना आहे 'शेरा'. तो वाचत बसले की वेळ कसा जातो कळत नाही. "पृ. ४५ ते ४८ नाहीत, सभासदास आधी सांगणे." "कव्हर फसवं आहे, आत रहस्यकथा नाही." "वाळवीतून वाचलेलं. हळू हाताळणे." एका ठिकाणी तर "कुलकर्णी काकूंस देऊ नये, रात्रभर झोपत नाहीत."

कॉम्प्युटर आमच्याकडे पूर्वी येऊन गेलेला आहे. २००६ मध्ये ओळखीच्या एकाने प्रोग्रॅम करून दिला होता. तो पुढे परदेशी गेला, मशीन बंद पडलं, आणि हार्डडिस्कमधून डेटा निघाला तो असा की मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची भेळ. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकी क्रमांक, वापरलाच नव्हता, फॉन्टच्या जोरावर मराठी दिसत होतं. फॉन्ट गेला तशी मराठी गेली. चार हजार पुस्तकांच्या नोंदी पाण्यात. बाबांनी तेव्हापासून कॉम्प्युटरवर कापड घातलं ते घातलं.

या वेळी आधी तयार गोष्टी पाहिल्या. एनआयसी या केंद्र सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी, आम्ही त्यात बसत नाही. मग ऑफिसातल्या मित्राने एका रविवारी माझ्या लॅपटॉपवर कोहा बसवून दिलं. चाललं, खोटं कशाला बोलू. पण पहिलं पुस्तक चढवायला गेले तर समोर मार्कचे, म्हणजे ग्रंथालयांच्या ठरावीक नोंदपद्धतीचे, रकाने. २४५ मध्ये शीर्षक, १०० मध्ये लेखक, ०२० मध्ये आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा छापील ओळख क्रमांक. आमच्या जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. बाबा मागे उभे होते. म्हणाले, "यात शेरा कुठे लिहायचा?" मला सापडेना. लॅपटॉप मिटला.

आणि मग मीच लिहायला घेतलं. पायथन या भाषेत, खाली डेटा साठवायला एसक्यूलाइट, ब्राउझरमध्ये उघडणारी चार साधी पानं. देवघेव, वर्गणी-थकबाकी, शोध, आणि दिवाळी अंक योजना. घणसोलीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की गाडीत, नाहीतर रात्री. आज १९०० ओळी झाल्या आहेत.

त्यातला शोध मला मनापासून आवडलाय. 'कुऱ्हाड' हा शब्द मी ऑफिसच्या लॅपटॉपवर टाइप केला आणि बाबांनी फोनवर. दिसायला सारखाच, पण सापडेना. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की तो अर्धा र आत दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसरीत साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. 'ॲ'चीही तीच कथा. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ. सभासद काही शुद्धलेखनाची परीक्षा द्यायला येत नाहीत. म्हणून मी प्रत्येक नावाचं एक 'सपाट रूप' बनवते: ई-इ एक, ऊ-उ एक, ष-श एक, ण-न एक, अनुस्वार आणि जोडलेला न-म एक, न दिसणारी चिन्हं साफ. शोधही सपाट, नावही सपाट. 'पानपोइ' टाइप केलं तरी 'पाणपोई' सापडते.

माझा धाकटा भाऊ पुण्यात आहे, तो खराखुरा प्रोग्रॅमर. त्याला दाखवलं तर म्हणाला, "ताई, ताटात तयार पोळी असताना तू कणीक मळत बसली आहेस." तेव्हापासून आठ दिवस एक ओळ लिहिलेली नाही. तर प्रश्न असा: जगात इतकी ग्रंथालयाची सॉफ्टवेअर आहेत, त्यात फुकटचीही आहेत. मी हे पुरं करावं का? आणि केलं तर दुसऱ्या कुणाला द्यावं का, की आपल्या गाळ्यापुरतं ठेवावं?

---

जुना गडी, वागळे इस्टेट | ११ ऑगस्ट, सकाळी ८:०५

भावाचं बरोबर आहे.

सव्वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून तोडून बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. नवीन सॉफ्टवेअर लिहिणं सोपं असतं. पुढची दहा वर्षं त्याला जेवू घालणं कठीण. तुम्ही २००६ च्या त्या माणसाची गोष्ट सांगितलीत. ताई, तो माणूस आता तुम्ही आहात. तोसुद्धा चांगल्या मनानेच लिहीत होता. उद्या तुमची बदली बंगळुरूला झाली, तर बाबांनी कुणाला फोन करायचा?

दुसरं म्हणजे वेळ. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथचं उदाहरण घ्या. १९७७ मध्ये स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली, छपाई इतकी वाईट दिसली की गडी म्हणाला, मीच अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहितो. थोडक्यात उरकेल असा अंदाज. ते सॉफ्टवेअर, टेक्स, पुरतं स्थिरावायला १९८९ उजाडलं, आणि तोवर मूळ ग्रंथमाला बाजूलाच. जगाचं भलं झालं, मान्य. पण तो क्नूथ होता आणि त्याला महाप्याची शेअर रिक्षा पकडायची नव्हती.

शोध छान आहे. बाकीच्या १६०० ओळी फेका.

---

पाचपाखाडीचा पुस्तककिडा | ११ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मी फक्त वाचक. कोणतंही सॉफ्टवेअर लावा, पण "हे तुम्ही आधी नेलेलं आहे" एवढं मला सांगा. याच वर्षी एकच कादंबरी तिसऱ्यांदा घरी आणली आणि साठाव्या पानावर कळलं. बायको अजून हसतेय.

---

नेरुळचा ग्रंथपाल | ११ ऑगस्ट, दुपारी १:१५

कॉलेजच्या ग्रंथालयात नऊ वर्षं कोहा चालवतोय, त्यामुळे आधी त्याची बाजू घेतो.

ताई, शेरा लिहायला जागा आहे. प्रत्येक प्रतीला टीप जोडता येते, वाचकाला दिसणारी वेगळी आणि फक्त कर्मचाऱ्यांना दिसणारी वेगळी. कुलकर्णी काकू दुसरीत जातील. मार्कचे शेकडो रकाने बघून घाबरायचं कारण नाही, आपल्याला हवे तेवढेच ठेवून बाकीचे लपवता येतात. आमच्याकडे आठच दिसतात. एक्सेलमधून मार्कएडिट नावाचा प्रोग्रॅम वापरून सगळी यादी एका फटक्यात चढवता येते. एका रविवारच्या ओळखीवर तुम्ही त्याला नापास केलंत. हे म्हणजे मुलगी बघायला गेले आणि पोहे खाऊन परत आले.

पण आता तुमची बाजू. कोहा कुठून आलं माहीत आहे का? न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर वर्ष २००० ला टिकणार नव्हतं. बाजारात पर्याय होते. पण ते महाग, आणि लहान गावांतल्या शाखांना साध्या टेलिफोन लाइनवरून काम करायचं होतं. शेवटी त्यांनी काटिपो नावाच्या लहान कंपनीकडून १९९९ मध्ये नवं लिहून घेतलं, २००० च्या जानेवारीत सुरू केलं आणि त्याच वर्षी सगळ्यांसाठी खुलं केलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आहेर. तेव्हा तिथे कुणी "इतकी सॉफ्टवेअर आहेत, आणखी कशाला" म्हणून गप्प बसलं असतं, तर आज मी कशावर काम केलं असतं?

गंमत पुढे आहे. कोहा खुलं झाल्यावरही अमेरिकेत जॉर्जिया राज्याने २००६ मध्ये एव्हरग्रीन नावाचं वेगळंच उभं केलं, तेही खुलं. त्यांची अडीचशेच्या वर ग्रंथालयं एकाच यादीवर चालवायची होती. ग्रंथालय तेच, देवघेव तीच, पण आकार वेगळा. तुमचं उलट्या बाजूने तसंच आहे. एक गाळा, एक माणूस.

एक कबुली. आमच्या यादीतही ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पुस्तक सापडत नाही. रॅकवर पुस्तक आणि पडद्यावर "नोंद नाही". विद्यार्थी निघून जातात, मला नंतर कळतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा. ते वाक्य आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय, त्याच्या बरोबर खाली हा कॉम्प्युटर. तुमचं ते सपाट रूप मला मिळेल का?

---

चरईची लेक | ११ ऑगस्ट, रात्री १०:५०

जुने गडी, "तो माणूस आता तुम्ही आहात" हे वाक्य दिवसभर घशात अडकलंय. उत्तर नाही माझ्याकडे.

ग्रंथपाल सर, टिपेचं माझं चुकलं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या दिवशी का नाही दाखवलंस?" शोधाचं जरूर देईन, पण आत्ता तो बाकीच्या कोडमध्ये असा गुंतलाय की एकटा बाहेर निघत नाही.

कोहाला मी परत एक संधी दिली असती, पण दोन अडचणी आहेत. गाळ्यातलं मशीन जुनं आहे, चार जीबी रॅमचं, आणि इंटरनेट म्हणजे माझा फोन, तोही मी तिथे असेन तेव्हा. आणि दुसरी अडचण दिवाळी अंक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीत आम्ही शंभर-सव्वाशे अंक घेतो, मागणी असलेल्यांच्या दोन-तीन प्रती. सभासद एकरकमी पैसे भरतो आणि पुढचे तीन महिने एका वेळी एक अंक नेतो. दोन दिवसांत परत आणला तर लगेच दुसरा, तिसऱ्या दिवसापासून दंड. प्रत्येक सभासदाच्या नावाने अंकांची एक छापील यादी असते, नेला की त्यावर टिक. पहिल्या पंधरा दिवसांत संध्याकाळी सहा ते आठ रांग थेट फुटपाथवर. माणूस समोर आला की दहा सेकंदांत सांगावं लागतं: तुम्ही न वाचलेले, आत्ता जागेवर असलेले अंक हे. पाचपाखाडीच्या भाऊंचा प्रश्न अगदी हाच. नियतकालिकांची व्यवस्था सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती वर्षभर येणाऱ्या अंकांची वर्गणी सांभाळायला. आमचा सगळा खेळ तीन महिन्यांचा.

---

कांदा-बटाटा गाळा | १२ ऑगस्ट, पहाटे ५:२०

तुर्भ्याच्या मार्केटमधून लिहितोय, गाड्या लागायच्या आहेत तोवर.

आमची आडत आजोबांपासून. मार्केटमध्ये हिशोबाला बहुतेक सगळे टॅली वापरतात, आम्हीही. टॅलीची गोष्ट तुमच्याच घरची वाटेल. १९८६ मध्ये बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका धंद्यासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर शोधत होते, मनासारखं मिळेना. शेवटी मुलाला, भरतला सांगितलं, तू लिही. वडिलांच्या गल्ल्यासाठी पोराने लिहिलेलं. सुरुवात तीच, पुढे काय झालं ते बघताय.

आता आमचं. टॅलीला खातं कळतं, पण शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी लागते ती वेगळी. गोण्या किती, वजन किती, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आगाऊ उचल, सगळं वजा होऊन हातात किती. म्हणून वडिलांनी एकाकडून प्रोग्रॅम लिहून घेतला. इथपर्यंत ठीक होतं. पण त्या पठ्ठ्याने, आणि आम्ही हो म्हटलं म्हणून, पट्टीबरोबर खातेवही, उधारी, बँक, व्याज असं सगळं त्यातच घातलं. टॅली बंद. दोन वर्षं फुशारकी मारली.

मग २०१६ चा जुलै. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आमचं कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम आला. पट्टीतली एक ओळ काढून खरेदीदाराच्या बिलात टाकायची, एवढंच काम. पण ती ओळ खातेवहीत, उधारीत, व्याजात सगळीकडे मुरलेली. एक धागा ओढला की स्वेटर उसवतोय. लिहिणारा फोन उचलेना. तीन आठवडे आम्ही हाताने पट्ट्या लिहिल्या, कार्बन पेपर घालून. माझं बोट अजून निळं दिसतं कधी कधी.

त्यानंतर टॅली परत आणलं. पट्टीचा लहान प्रोग्रॅम माझ्या चुलतभावाने नव्याने लिहिला. तो फक्त पट्टी करतो आणि रोज संध्याकाळी बेरजा टॅलीत टाकतो. हा प्रोग्रॅम गेली कित्येक वर्षं चालतोय, कुणाचं लक्षसुद्धा जात नाही.

म्हणून सांगतो, जे जगात सगळ्यांचं सारखं आहे ते आपण लिहू नये. तुमची वर्गणी-थकबाकी कशाला लिहिताय? एक्सेलचा तक्ता पुरे. दिवाळी अंक मात्र तुम्हीच लिहा, ते न्यूझीलंडवाला लिहिणार नाही.

गाडी आली. येतो.

---

कोलशेतचा अर्धा र | १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

हे नाव मी आजच घेतलं, या धाग्यासाठी.

ताई, तुम्ही ज्या एसक्यूलाइटवर बसला आहात त्याबद्दल दोन शब्द. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या कामावर होता. मागे इन्फॉर्मिक्सचा डेटाबेस सर्व्हर. तो बंद पडला की यांचा प्रोग्रॅमही थांबायचा आणि ठपका यांच्यावर. तेव्हा तो म्हणाला, सर्व्हरच नसलेला डेटाबेस का नको? २००० मध्ये पहिली आवृत्ती आली. त्या वेळी डेटाबेस म्हणून ओरॅकल होतं, पोस्टग्रेस होतं, मायएसक्यूएल होतं. आज तुमच्या-माझ्या प्रत्येक फोनमध्ये एसक्यूलाइट आहे. ते लोक म्हणतात आमची स्पर्धा ओरॅकलशी नाहीच, साध्या फाइल उघडून लिहिण्याशी आहे. तुमचीही स्पर्धा कोहाशी नाही. बाबांच्या वहीशी आहे, आणि ती जास्त अवघड आहे.

आता कामाचं. एक, सपाट करण्याआधी युनिकोडचं एनएफसी, म्हणजे सुटे तुकडे जोडलेलं, रूप करून घ्या. र आणि त्याखालचा नुक्ता अशी जोडी असेल तर ती ऱ होईल. पण न दिसणारं जोडचिन्ह त्याने जात नाही आणि 'अ'वर चंद्र दिलेला 'ॲ'सुद्धा एक होत नाही, ते तुम्हालाच करावं लागेल. दोन, एसक्यूलाइटची शब्दशोधाची सोय वापरत असाल तर सांभाळून. ती मुळात मात्रांना अक्षर धरत नाही, शब्द मात्रेपाशी तुटतो. तिच्या सेटिंगमध्ये मात्रांचे वर्ग जोडावे लागतात. यात माझा एक अख्खा शनिवार गेलाय. तीन, यादी अकारविल्हे लावताना काय करता? नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावलीत तर ळ जाऊन बसेल ल च्या शेजारी, आणि क्ष क मध्ये. आपण शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ शिकलो. आयसीयू नावाच्या युनिकोडच्या तयार कोडसंग्रहात मराठीचा क्रम आहे, तो घ्या.

ण आणि न एक करू नका एवढीच विनंती. मन आणि मण एक झाले तर तुर्भ्याचे दादा रागावतील.

---

चरईची लेक | १२ ऑगस्ट, रात्री ११:३०

ण-न एक ठेवणारच. काउंटरवर येणारे निम्मे लोक फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करतात, त्यात ण कुठून आणायचा? जास्तीची चार नावं दिसली तर बिघडत नाही, नेमकं हवं ते न दिसलं तर बिघडतं. बरोबर शब्द वर आणि सैल जुळणारे खाली, असं करते. मात्रांचं मात्र सोन्यासारखं सांगितलंत. "काही शोध अर्धवट का लागतात" असा कागद महिनाभर माझ्या मॉनिटरला चिकटलेला होता.

---

जुना गडी, वागळे इस्टेट | १३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

ठीक. मार्केटवाल्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. १६०० फेका म्हणालो होतो, आता ८०० म्हणतो.

पण माझा प्रश्न तसाच आहे, त्यामुळे एक परीक्षा घ्या. एके दिवशी प्रोग्रॅम मुद्दाम काढून टाका, घराबाहेर जा, फोन बंद ठेवा. बाबांना पेनड्राइव्ह आणि एक कागद द्या. कागद हाताने लिहिलेला, मोठ्या अक्षरात. ते एकटे तासाभरात सगळं परत उभं करू शकले, किंवा निदान यादी एक्सेलमध्ये उघडून काउंटर चालवू शकले, तर लिहा खुशाल. नाही जमलं तर कोहा बसवून एखाद्या जाणत्या माणसाला महिन्याचे पैसे द्या. डेटा रोज साध्या सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या मजकूर-फाइलीत, युनिकोडमध्ये निघाला पाहिजे. प्रोग्रॅम मेला तरी चालेल, यादी मरता कामा नये.

---

चरईची लेक | १९ नोव्हेंबर, रात्री १२:१०

उशिरा लिहितेय. दिवाळी अंकांची पहिली गर्दी कालपरवा ओसरली.

वर्गणी-थकबाकी काढून टाकली, ती आता एक्सेलच्या तक्त्यात. शोध वेगळा काढला. तो निघता निघेना. तीन रविवार गेले, पण आता तो एकटा उभा राहतो, जेमतेम १४० ओळी. ग्रंथपाल सरांना दिला. त्यांनी कॉलेजच्या यादीवर चालवून मला चुका पाठवल्या, सत्तावीस. त्यातल्या बावीस माझ्या आणि पाच त्यांच्या यादीतल्या. ते पाचांबद्दल फार बोलत नाहीत.

जुने गडी, तुमची परीक्षा सप्टेंबरमध्ये घेतली. बाबांना काहीही झालं नाही, मीच राम मारुती रोडवर तासभर चकरा मारत होते. ते पहिल्या वेळी नापास झाले, कारण मी कागदावर 'पेनड्राइव्ह लावा' लिहिलं होतं आणि कुठे ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी पन्नास मिनिटं. कापड आता कॉम्प्युटरवरून निघून इस्त्रीच्या टेबलावर गेलंय.

दिवाळी अंकांचं थोडंसं फसलं. पहिल्या संध्याकाळी रांग असताना प्रोग्रॅम एका काकांना सांगत राहिला की 'न वाचलेला एकही अंक नाही', आणि त्यांनी तर आत्ताच पैसे भरले होते. मी सभासद क्रमांकातला पुढचा शून्य उडवला होता, त्यामुळे त्यांच्या नावावर दुसऱ्याच्या टिका. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते असं म्हणाले होते ना मी. तो दिवस छापील यादीवर काढला. दुसऱ्या दिवसापासून नीट चाललं. न वाचलेले आणि जागेवर असलेले अंक सांगायला दहा सेकंद नाही, तीन-चार. एक आजी म्हणाल्या, "आता बाबा कमी ओरडतात." पाचपाखाडीचे भाऊ येऊन सभासद झाले, बायकोला घेऊन.

कोपरीचं एक वाचनालय प्रोग्रॅम मागतंय. अजून हो म्हटलेलं नाही. त्यांच्याकडे इंटरनेट आहे, मशीन बरं आहे, त्यांना मी आधी नेरुळच्या सरांकडे पाठवलं. परत आले तर बघू.

बाबा वही अजून ठेवतातच. आठवी दाखल नोंदवही. काल सहज उघडली. शेवटच्या पानावर, पुस्तकांच्याच ओळींत, प्रोग्रॅमची नोंद केली आहे: दाखल क्रमांक, तारीख, लेखकाच्या रकान्यात माझं नाव, किंमत 'भेट'. आणि शेऱ्यात: "चालतो. पान हळू उघडते. ळ अजून ल च्या शेजारीच बसतो, जागेवर आणणे."